पाठमोरी पाहिलेली फायनल

रास अल खैमाला लोक झिपलाइनसाठी जातात, समुद्रकाठच्या रिसॉर्टसाठी जातात, काहीजण नुसते हवापालट म्हणून जातात. आम्ही गेलो फुटबॉलसाठी. जाता जाता बाकीचंही पाहिलं आणि ते रस्त्यांसकट, खर्चासकट खाली लिहिलं आहे. पण मूळ कारण आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी कोणीतरी विचारेल की झिपलाइनचं काय झालं. झिपलाइन केली नाही.

आमची लेक इरा शारजातल्या तिच्या कॉलेजच्या मुलींच्या संघात गोलकीपर आहे. शेवटचं वर्ष. मागची दोन्ही वर्षं त्यांचा संघ आंतरकॉलेज फायनल हरला, दोन्ही वेळा रास अल खैमाच्या एकाच कॉलेजकडून, आणि दुसऱ्या वेळी तर इराच्या हातातून सुटलेल्या बॉलवर. त्यानंतर ती तीन दिवस नीट जेवली नव्हती. यंदा पुन्हा फायनल, पुन्हा तोच संघ, आणि मैदानही त्यांचंच. यंदाच्या परीक्षा झाल्या की कॉलेज संपणार आणि फुटबॉलही. म्हणजे हा कप आता मिळाला तर मिळाला.

इरा संघाच्या बसने आदल्या दिवशीच गेली. जाताना दारात चपला घालत म्हणाली, "आई, यू कॅन कम. बट नो थाळी, प्लीज."

"बरं," मी म्हटलं. आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता शारजातल्या अल मजाजच्या घरून निघताना स्टीलची थाळी आणि डाव दोन्ही टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत घातलं. मिलिंदने पाहिलं. सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने पाहून गप्प बसण्याचं शास्त्र चांगलं आत्मसात केलंय.

माझी बाजू सांगते. माझा जन्म कोल्हापूरचा. फुटबॉल शांतपणे बघायचा असतो हे मला लहानपणी कोणी सांगितलंच नाही. आमच्याकडे तालमींचे संघ, पेठांची खुन्नस, आणि मैदानात जेवढा खेळ चालतो तेवढाच बाहेर. समोरच्या संघाची हुर्यो उडवणं हा प्रेक्षकाचा हक्क. कोणी पडलं तर "ए नाटकी, ऊठ की!" हे आधी, आणि पाणी नंतर. गच्चीवरून मॅच बघत बघत माझा आवाज तयार झालाय. शारजाच्या चौदाव्या मजल्यावर तो वाया चाललाय, असं मला नेहमी वाटत आलंय.

पहिला थांबा: अल जझीरा अल हमरा

शारजाहून ३११ नंबरचा रस्ता धरायचा आणि सरळ जात राहायचं. टोल लागत नाही. शनिवारी सकाळी ट्रक कमी असतात. उम्म अल क्वैन मागे पडलं की दोन्ही बाजूंना वाळू आणि मधूनच उंट दिसायला लागतात. वाटेत एका टपरीपाशी हॉर्न दिला की करक चहा गाडीत आणून देतात. दीड दिरहम. "म्हणजे छत्तीस रुपये," मिलिंद म्हणाला. तो अजून प्रत्येक गोष्टीचे रुपये करतो आणि मग प्रत्येक गोष्ट महाग पडते.

पाऊण तासात अल जझीरा अल हमरा हे जुनं गाव लागतं. मोती काढणाऱ्यांचं गाव. मोत्यांचा धंदा बसला, माणसं निघून गेली आणि घरं तशीच राहिली. भिंतींमध्ये समुद्रातले पोवळ्याचे दगड बसवलेले आहेत, हात लावला की खरखरीत लागतात. काही घरांची नीट डागडुजी केली आहे, काहींना छप्परही नाही. आम्हाला आत जायला कोणी पैसे मागितले नाहीत. सकाळी लवकर जा, सावली कमी आहे, आणि टोपी विसरू नका. मिलिंदने शंभर फोटो काढले. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

दुपारी रास अल खैमा शहरातल्या एका मल्याळी हॉटेलात जेवलो. तळलेला शेरी मासा, मासळीची आमटी, लाल भात, हवा तेवढा. दोघांचे मिळून चाळीस दिरहम. तिथेच आमच्या संघातल्या एका मुलीचे वडील भेटले, जोसेफ. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर चक्क ढोल बसला होता. मी बॅगेतली थाळी काढून दाखवली. आमची तिथल्या तिथे युती झाली.

मॅच

मैदान छोटं पण सुरेख, मागे सरळ डोंगरांची रांग. स्टँड एकच. डावीकडे आम्ही दीडएकशे माणसं, उजवीकडे यजमान, तीही तेवढीच. जानेवारीतलं ऊन असं की स्वेटर काढावासा वाटतो आणि काढला की घालावासा वाटतो.

पहिल्या वीस मिनिटांत आम्ही दोन गोल केले. काय सांगू! जोसेफचा ढोल, माझी थाळी, आणि आमच्या पुढे बसलेली एक इजिप्शियन बाई, जी प्रत्येक पासला उभी राहत होती. मग त्यांच्या नऊ नंबरने एक गोल फेडला. नऊ नंबर म्हणजे बारीक चणीची, केसांना लाल रबर लावलेली मुलगी. पायात वीज. तीच मागच्या वर्षी इराच्या हातातून सुटलेल्या बॉलवर धावून आली होती. मला ती पाठ होती.

दुसऱ्या हाफमध्ये ही नऊ नंबर पडली. पाय धरून लोळली, रेफरी आला, पाणी आलं, आणि दोन मिनिटांत ती हरणासारखी पळायला लागली. दहा मिनिटांनी परत तेच. मला राहवेना. मी थाळीवर डाव हाणला आणि ओरडले, "ना-टक! ना-टक!"

जोसेफने ढोलावर ठेका धरला. "सेम सेम भाभी! हमारे यहाँ भी नाटकम्!"

इजिप्शियन बाईने मागे वळून विचारलं, "व्हॉट इज नाटक?"

"ड्रामा," मी म्हटलं.

"आह! यल्ला, नाटक!" आणि तिने तो शब्द असा काही उचलला की दीडशे माणसं मराठी बोलायला लागली. पंजाबी, मल्याळी, फिलिपिनो, लेबनानी, सगळे. खोटं कशाला सांगू, मला अतिशय अभिमान वाटला. गोलमधून इराने एकदा आमच्याकडे पाहिलं. लांबून चेहरा दिसला नाही. मी हात हलवला.

पाच मिनिटं उरली होती, दोन-एक. नऊ नंबर मधून सुटली, इरा गोल सोडून पुढे आली, दोघी बॉलवर झेपावल्या आणि धडकल्या. रेफरीची शिट्टी. पेनल्टी. आमच्या स्टँडमधून एकच ओरडा झाला, आणि नऊ नंबर उठेना म्हटल्यावर आपोआप सुरू झालं, "ना-टक! ना-टक!" थाळी माझीच वाजत होती.

ती आमच्या अगदी समोर पडली होती, कठड्यापासून वीसएक पावलांवर. ढोलाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये मला तिचा आवाज आला.

"आई गं!"

माझा हात थांबला. हे काही नाटकातलं ओरडणं नव्हतं. घोट्यापाशी तिचा पाय भलत्याच बाजूला वळला होता, आता मला तो दिसला. तो आधीही तसाच होता, मी पाहिला नव्हता एवढंच. इरा गुडघ्यावर बसून तिचं डोकं धरत होती.

आता हे थांबवायला हवं होतं. मी उभी राहिले, दोन्ही हात वर केले आणि पेठेतला सगळा आवाज लावून ओरडले. वीस वर्षं इथे राहून पुरे, थांबा, बस झालं म्हणायला जिभेवर एकच शब्द येतो. पोरं भांडली की तो, वाढपी भात वाढत राहिला की तो, टॅक्सी थांबवायची असली तरी तो.

"खलास! खलास! खलास!"

आणि स्टँडने तो झेलला. का नाही झेलणार? मगापासून घोषणा मीच देत होते. ही नवी घोषणा, आधीच्यापेक्षा सरस. जोसेफने ठेका बदलला. "ख-लास! ख-लास!" दीडशे माणसं, टाळ्यांच्या तालावर. इथल्या अरबीत त्याचा अर्थ 'संपलं, पुरे'. आपल्याकडे खलास म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. मैदानात पडलेल्या मुलीला कोणता अर्थ ऐकू गेला असेल ते मला तत्क्षणी कळलं.

यजमानांच्या बाजूने एक माणूस कठडा ओलांडून मैदानात धावला. अंगात फॅक्टरीचा निळा युनिफॉर्म, बहुतेक शिफ्टवरून तसाच आलेला. धावता धावता त्याने मान वळवून आमच्या स्टँडकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

मी पायऱ्या उतरून खाली पळाले. जोसेफच्या हातातली ढोलाची काठी ओढून घेतली. तो बघतच राहिला. मग कठड्यापाशी जाऊन मैदानाकडे पाठ केली आणि स्टँडकडे तोंड करून उभी राहिले. पाच फूट उंची, हातात काठी, मान मात्र ताठ. ओरडले नाही. ओरडून काय झालं ते नुकतंच पाहिलं होतं. तोंडावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने खाली बसायची खूण केली. एकेक रांगेकडे बघत. पहिली रांग गप्प झाली, मग दुसरी. इजिप्शियन बाईने मागे वळून सगळ्यांना असं काही "श्श्श" केलं की शेवटची रांगही बसली.

त्या शांततेत मागून थप, थप असा आवाज आला. मान वळवून पाहिलं, तर इरा उभी राहून ग्लोव्ह्ज घातलेल्या हातांनी टाळ्या वाजवत होती. स्ट्रेचर उचललं होतं. मग पहिली टाळी जोसेफने दिली, आणि आमची बाजू उभी राहिली. त्यांची बाजूही. मीही काठी काखेत धरून वाजवत होते, रडत होते, काय काय करत होते.

स्ट्रेचर आमच्या कठड्याखालीच आणून ठेवलं, कारण ॲम्ब्युलन्स मागच्या गेटमधून येत होती. रेफरीने पेनल्टीची शिट्टी वाजवली. आता गंमत अशी की पेनल्टीला समोरच्याचं लक्ष उडवायला प्रेक्षक गोंगाट करतातच, त्यात कोणी वावगं मानत नाही. वरच्या रांगेतली पोरं तयारीत उठलीसुद्धा. मी मान हलवली. ही मुलगी इथे पायाशी झोपलेली असताना नाही. मी वळले असते तर परत सुरू झालं असतं, म्हणून वळले नाही. हात वर धरून तशीच उभी राहिले.

तर मी काय पाहिलं ते सांगते. बूट बॉलला लागल्याचा आवाज ऐकला. जोसेफचं तोंड उघडं राहिलं. दीडशे माणसांचे डोळे एकदम डावीकडे गेले. इजिप्शियन बाईने दोन्ही हात डोक्यावर मारले. आणि मिलिंद, जो आमच्या लग्नातही फार हलला नव्हता, तो खुर्चीवर चढला आणि "इराऽऽऽ" म्हणून ओरडला.

माझ्या पोरीने पेनल्टी अडवली होती. मग मी हात खाली घेतले आणि स्टँड फुटला. कोणाला थांबवायची माझी छाती नव्हती आणि इच्छा तर मुळीच नव्हती. मी वळले तेव्हा आधी स्ट्रेचर दिसलं. नऊ नंबर कपाळावर हात मारून घेत होती. "शी! त्या कोपऱ्यात का मारली!" असं अगदी शुद्ध मराठीत म्हणत होती.

चार मिनिटांनी मॅच संपली. दोन-एक. कप आमचा! मुलींनी इराला खांद्यावर घेतलं. मी किती वेळ नाचले ते माहीत नाही, पण गुडघा अजून दुखतोय.

निळ्या युनिफॉर्ममधल्या त्या माणसाला भेटायला मी गेटकडे धावले, तोवर ॲम्ब्युलन्स गेली होती.

रविवार: आधी चहा, मग डोंगर

समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्याजवळ साध्या हॉटेलात राहिलो, दोनशे साठ दिरहम, सकाळचा नाश्ता धरून. पण नाश्ता केला नाही. इराने रात्रीच कोचकडून नऊ नंबरच्या घरचा पत्ता मिळवला होता. "आई, यू हॅव टू गो," एवढंच म्हणाली. मेडल गळ्यात घालूनच झोपली होती, तशीच आमच्याबरोबर निघाली.

नऊ नंबरचं नाव सायली. वडील तानाजीभाऊ, पाटण तालुक्यातले, एकोणीस वर्षं इथल्या टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर आहेत. दारात त्यांनी मला पाहिलं आणि लगेच म्हणाले, "वळाखलं. थाळीवाल्या वहिनी."

मी आत जाऊन उभ्यानेच सांगितलं. नाटकही मी सुरू केलं आणि खलासही मीच ओरडले. थांबवायला ओरडले, पण ओरडले मीच. माफी मागते. सायली सोफ्यावर प्लास्टर घातलेला पाय लांब करून बसली होती. सहा आठवडे, मग परत खेळता येईल असं डॉक्टर म्हणाले होते.

तानाजीभाऊंनी खुर्ची पुढे केली. मग म्हणाले, "पयल्या दोन येळंला नाटकच व्हतं, वहिनी. दम खायला मीच शिकवलंय तिला. आमी कबड्डीत तेच करायचो." मग हसू गेलं. "पन तिसऱ्या येळंला तुमी खलास म्हनला तवा मी तसाच कठडा वलांडून पळालो. दिवसातनं शंभरदा म्हनतो मी. भट्टी उतरली, खलास. गाडी भरली, खलास. काल मातुर मला आपल्या गावाकडचं खलास ऐकू आलं."

"मला ओरडल्यावर कळलं," मी म्हटलं. "तिने आई गं म्हटलं आणि मी थांबले."

सायलीने मान वर केली. "काकू, मी मराठी नसते तर?"

सरळ प्रश्न होता. मुलीचा सूर भांडणाचा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मिलिंद चहाच्या कपात बघायला लागला. मी पुष्कळ काही म्हणू शकले असते.

"थांबले नसते बहुतेक," मी म्हटलं. "पाय दिसत होता, तरी मी बघितला नव्हता." हे बोलताना मला जी लाज वाटली ती इथे लिहून ठेवते, कारण ती खरी आहे.

"ओके," सायली म्हणाली. "इरा थांबली असती. शी डिडन्ट नो आय वॉज मराठी. 'डोन्ट लुक ॲट युअर लेग, लुक ॲट मी' म्हणत होती सारखी. मग मी आई आई करायला लागले, तर म्हणाली, 'आई येते आहे, घाबरू नको.' ॲक्सेंट सो फनी!"

"एक्सक्यूज मी?" इरा म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. मग पेनल्टीवर चर्चा सुरू झाली, कोणत्या कोपऱ्यात मारायला हवी होती, आणि आम्हा मोठ्यांकडे कोणाचं लक्ष राहिलं नाही. सायलीच्या आईने गरम थालीपीठं वाढली. मी तीन खाल्ली. निघताना तानाजीभाऊ म्हणाले, "आवाज झ्याक हाय तुमचा. बरूबर बाजूला लावा म्हंजे झालं."

तिथून जेबेल जैसला गेलो. शहरापासून तासाभराचा रस्ता, वळणावळणाचा पण लोण्यासारखा गुळगुळीत. पेट्रोल खालीच भरा. वर चांगली थंडी असते, जाकीट न्या. देशातला सगळ्यात उंच डोंगर, झाड नाही, झुडूप नाही, नुसते खडक, आणि एका कड्यावर इरा मेडल दातात धरून फोटो काढतेय. शेजारच्या अनोळखी कुटुंबालाही तिने मेडल घालू दिलं. दोन वर्षं ती जिंकण्याबद्दल घरात चकार शब्द काढत नव्हती. त्या दिवशी शारजापर्यंत तिचं तोंड बंद झालं नाही.

घरी

एकूण खर्च पेट्रोल, हॉटेल, जेवणखाण धरून पाचशेच्या आत झाला. दोन दिवस पुरेसे आहेत. मॅच नसेल तरी जा.

आता काय उरलं ते लिहिते. आवाज आठवडाभर बसला होता. सायलीच्या फिजिओथेरपीची खबर इरा रोज जेवताना देते. आणि पेनल्टीचा एक व्हिडिओ आहे, जोसेफच्या बायकोने काढलेला, अगदी स्पष्ट. मिलिंदने तो कोल्हापूरला माझ्या भावाला पाठवला, तिथून तो साऱ्या पेठेत फिरला, आणि रोज कोणी ना कोणी फोन करून सांगतं की तुझ्या पोरीने काय झेप घेतली! इरा म्हणते, "आई, सिरियसली, जस्ट वॉच इट. इट्स ट्वेल्व्ह सेकंड्स."

मी अजून पाहिला नाही. कधीतरी पाहीन. पण माझ्या लेकीने पेनल्टी अडवली तेव्हा दीडशे माणसं काय दिसत होती, ते त्या मैदानावर मी एकटीनेच पाहिलंय.